यीस्टचा कायनेटोकोर: सव्वाशे अक्षरांवर उभं राहणारं यंत्र (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

पुण्यातल्या पाषाण, गणेशखिंड आणि फर्ग्युसन रस्ता या भागांतल्या महाविद्यालयांतून बी.एस्सी.-एम.एस्सी.ची मुलं आमच्याकडे यीस्टवर काम शिकायला येतात. कायनेटोकोर हे नाव त्यांना माहीत असतं. गुणसूत्राच्या मधोमध काढलेला तो ठिपकाही त्यांनी चित्रात पाहिलेला असतो. त्या ठिपक्यात डीएनए नेमका कोण धरतं आणि कसं धरतं, हे मात्र फारसं कुणी सांगितलेलं नसतं. नेहमी येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तो भाग घाईत उरकण्यासारखा नाही.

सेंट्रोमियर आणि कायनेटोकोर यांत फरक काय?

सेंट्रोमियर हा गुणसूत्रावरचा डीएनएचा पट्टा. शाळेच्या पुस्तकात त्याला गुणसूत्रबिंदू म्हणतात. कायनेटोकोर म्हणजे त्या पट्ट्यावर उभं राहणारं प्रथिनांचं यंत्र. त्याचं एक टोक डीएनए धरतं आणि दुसरं टोक सूक्ष्मनलिका, म्हणजे मायक्रोट्यूब्यूल. पेशी विभागताना सूक्ष्मनलिका आखडते, कायनेटोकोर तिच्या टोकाला धरून राहतो आणि गुणसूत्र आपल्या ध्रुवाकडे, म्हणजे पेशीच्या आपल्या बाजूच्या टोकाकडे, ओढलं जातं. उत्तरात दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरू नका.

माणसाच्या पेशी सोडून यीस्ट कशासाठी?

कारण यीस्टमध्ये सगळं लहान आहे आणि मोजता येतं. पाव फुगवणाऱ्या सॅकॅरोमायसिस सेरेव्हिसीमध्ये १६ गुणसूत्रं असतात आणि प्रत्येकावर सुमारे १२५ बेसजोड्यांचा, म्हणजे डीएनएच्या सव्वाशे अक्षरांचा (ए, टी, सी, जी), सेंट्रोमियर. सरळ ताणला तर हा पट्टा जेमतेम ४२ नॅनोमीटर भरतो. माणसाच्या सेंट्रोमियरमध्ये १७१ बेसजोड्यांचा अल्फा सॅटेलाइट हा तुकडा पुन्हा पुन्हा येतो आणि पट्टा लाखो बेसजोड्यांपर्यंत जातो. शिवाय या यीस्टचा एक कायनेटोकोर एकच सूक्ष्मनलिका धरतो. एक पट्टा, एक यंत्र, एक नलिका. त्यात एखादं अक्षर बदललं किंवा एखादं प्रथिन काढलं, तर परिणाम कुठून आला याबद्दल शंका उरत नाही.

पेशी साधारण दीड तासात दुप्पट होते, त्यामुळे सकाळी सुरू केलेल्या प्रयोगाचं उत्तर बहुतेक वेळा त्याच दिवशी हाती येतं. आणि ही माहिती यीस्टपुरती राहत नाही. इथे सापडलेल्या बहुतेक महत्त्वाच्या प्रथिनांची भावंडं माणसात सापडतात.

त्या सव्वाशे अक्षरांत असतं काय?

तीन भाग. त्यांना सीडीई-१, सीडीई-२ आणि सीडीई-३ म्हणतात.

सीडीई-१ हा फक्त ८ अक्षरांचा. सीडीई-२ साधारण ७८ ते ८६ अक्षरांचा आणि त्यात ९० टक्क्यांहून जास्त ए आणि टी. सीडीई-३ सुमारे २५ अक्षरांचा, आणि त्याच्या मध्यावर सीसीजी ही तीन अक्षरं.

या तिघांचं वजन सारखं नाही. सीडीई-१ काढला तर गुणसूत्र गमावण्याचं प्रमाण वाढतं, पण पेशी जगते. सीडीई-२ मध्ये अक्षरांच्या नेमक्या क्रमापेक्षा लांबी आणि ए-टीचं प्रमाण महत्त्वाचं. १६ गुणसूत्रांचे सीडीई-२ शेजारी मांडले तर क्रम जुळत नाही, स्वभाव जुळतो. सीडीई-३ मात्र माफ करत नाही. सीसीजीतला मधला सी बदला, बाकी सव्वाशे अक्षरं जशीच्या तशी ठेवा, आणि सेंट्रोमियर संपला. सुमारे १.२ कोटी बेसजोड्यांच्या जीनोममध्ये एक अक्षर बदललं आणि एक अख्खं गुणसूत्र दिशाहीन झालं. हे पहिल्यांदा समजतं तेव्हा मुलं गप्प होतात. त्यांनी व्हावंच, असं मला वाटतं.

हा पट्टा सापडला कसा?

लुईस क्लार्क आणि जॉन कार्बन यांनी १९८० साली कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा इथे तिसऱ्या गुणसूत्राचा सेंट्रोमियर वेगळा केला. लिओ-२ आणि सीडीसी-१० या दोन जनुकांच्या मधे तो असणार, हे जनुकीय नकाशावरून कळलेलं होतं. त्यांनी त्या भागातले डीएनएचे तुकडे प्लाझ्मिडवर, म्हणजे गुणसूत्रापासून वेगळ्या छोट्या वर्तुळाकार डीएनएवर, बसवले आणि कोणत्या तुकड्यामुळे प्लाझ्मिड खऱ्या गुणसूत्रासारखा वागतो हे पाहिलं. साधा प्लाझ्मिड विभाजनात मातृपेशीतच अडकून राहतो आणि कन्यापेशी त्याच्याविना निघून जाते. सेंट्रोमियरचा तुकडा असलेला प्लाझ्मिड एक-दोन प्रतींतच राहतो, पण दोन्ही पेशींना मिळतो.

कोणत्याही सजीवातला हा पहिला वेगळा केलेला सेंट्रोमियर. आज प्रयोगशाळेत ‘सीईएन प्लाझ्मिड’ सहज वापरला जातो, त्याचं मूळ या कामात आहे.

डीएनएला सर्वांत आधी कोण धरतं?

सीबीएफ-३ हे संकुल, आणि ते धरतं सीडीई-३ ला. लेक्नर आणि कार्बन यांनी १९९१ मध्ये ते यीस्टमधून शुद्ध केलं. त्यात चार प्रथिनं आहेत: एनडीसी-१०, सेप-३, सीटीएफ-१३ आणि एसकेपी-१. चारही जीवनावश्यक. यांच्यातलं एकही नसेल तर पुढचं काहीच उभं राहत नाही.

सीसीजी वाचण्याचं काम सेप-३ चं. त्याच्याकडे जस्ताचे अणू धरून ठेवणारा एक छोटा भाग असतो. गॅलॅक्टोजची जनुकं चालू करणाऱ्या गॅल-४ या प्रथिनात जो असतो, त्याच घराण्यातला. गॅल-४ सुद्धा सीसीजीच वाचतं, पण ते जनुकं चालू करण्यासाठी. उत्क्रांतीने एकच वाचनपद्धत दोन पूर्ण वेगळ्या कामांना लावली आहे. सेप-३ जोडीने काम करतं, पण २०१८ पासून आलेल्या क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शी चित्रांत दिसलं की जोडीतला एकच जस्तवाला भाग सीसीजीच्या खाचेत बसतो. सीटीएफ-१३ त्या जोडीला टेकून बसतं, एसकेपी-१ सीटीएफ-१३ ला आकारात ठेवतं.

एनडीसी-१० ची गोष्ट आणखी वेगळी. त्याची घडण डीएनए कापून जोडणाऱ्या रिकॉम्बिनेज विकरांसारखी आहे, मात्र कापण्याची क्षमता त्यात उरलेली नाही. ते डीएनए धरतं, पण अक्षरं फारशी बघत नाही. म्हणजे संकुलातलं एक प्रथिन नेमकं वाचतं आणि एक भक्कम धरतं. नुसतं वाचणारं निसटेल, नुसतं धरणारं कुठेही जाऊन बसेल. दोघं मिळून जागाही चुकत नाही आणि पकडही सुटत नाही. हा मुद्दा पुढे प्रत्येक थरात दिसेल: या यंत्रात कोणतंही एक प्रथिन एकट्याच्या बळावर जागा ठरवत नाही.

सीबीएफ-१ नसलं तरी यीस्ट जगतं. मग त्याचा उपयोग काय?

सीबीएफ-१ हे सीडीई-१ धरणारं प्रथिन. ते काढून टाकलं तर गुणसूत्र गमावण्याचं प्रमाण साधारण दहापट वाढतं आणि पेशीला बाहेरून मेथिओनिन द्यावं लागतं, कारण हेच प्रथिन मेथिओनिन तयार करणाऱ्या जनुकांनाही लागतं.

‘पेशी मरत नाही, म्हणजे ते बिनमहत्त्वाचं’ हा निष्कर्ष मुलं पटकन काढतात. तो चुकीचा आहे. निरोगी यीस्ट साधारण एक लाख विभाजनांत एकदा एखादं गुणसूत्र गमावतं. चंचुपात्रात कोट्यवधी पेशी असतात आणि निसर्गात त्या पिढ्यानपिढ्या एकमेकींशी स्पर्धा करतात. तिथे दहापट चूक ही छोटी गोष्ट नाही. सीबीएफ-१ टोकाचा डीएनए धरतं, त्यामुळे मधल्या न्यूक्लिओसोमला (प्रथिनांभोवतीची डीएनएची गुंडाळी, पुढच्या प्रश्नात पाहू) दोन्ही बाजूंनी आधार मिळतो.

सीएसई-४ म्हणजे काय? आणि ते नेमकं तिथेच कसं पोचतं?

डीएनए हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. अशा एका गुंडाळीला न्यूक्लिओसोम म्हणतात. नेहमीच्या न्यूक्लिओसोममध्ये एच-३ हा हिस्टोन असतो. सेंट्रोमियरवर त्याच्या जागी सीएसई-४ येतो. माणसात त्याच्या भावंडाचं नाव सेन्प-ए. यीस्टमध्ये सीएसई-४ १९९५ मध्ये ओळखला गेला. त्याआधी १९८५ मध्ये अर्नशॉ आणि रॉथफील्ड यांनी सेन्प-ए, बी आणि सी शोधले, तेही एका त्वचारोगाच्या रुग्णांच्या रक्तातल्या प्रतिपिंडांच्या मदतीने.

सीएसई-४ ला स्वतःहून जागा सापडत नाही. एससीएम-३ नावाचं वाहक प्रथिन त्याला घेऊन येतं, आणि एससीएम-३ ला बोलावण्यात एनडीसी-१० चा हात असतो. क्रम लक्षात घ्या. आधी सीबीएफ-३ सीडीई-३ वर बसतं, मग वाहक येतं, मग सीडीई-२ भोवती सीएसई-४ चा न्यूक्लिओसोम तयार होतो.

इथे एक कोडं आहे. सलग ए आणि सलग टी असलेला डीएनए ताठ असतो, सहज वळत नाही. न्यूक्लिओसोमला तर डीएनए वळवावाच लागतो. मग नेमक्या याच जागी इतका ताठ डीएनए का? सिएटलमध्ये सू बिगिन्स आणि चार्ल्स अ‍ॅस्बरी यांच्या गटांनी काचेवर सेंट्रोमियर डीएनएचे सुटे रेणू चिकटवले, त्यावर यीस्टचा अर्क सोडला आणि चमकणाऱ्या सीएसई-४ चे रेणू एकेक करून येता-जाताना पाहिले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामातून दिसलं की सीएसई-४ वाहकाशिवायही डीएनएवर येऊन टेकू शकतो, पण टिकत नाही. टिकायला एससीएम-३ लागतं आणि आतल्या थरातली डीएनए धरणारी इतर प्रथिनंही लागतात. आणि सीडीई-२ मधल्या सलग ए-टीच्या ओळी मोडल्या की सीएसई-४ नीट बसत नाही. म्हणजे नेहमीच्या न्यूक्लिओसोमला नकोशी असलेली जागाच या खास न्यूक्लिओसोमसाठी राखली गेली आहे, आणि ती पक्की होते ती शेजारच्या प्रथिनांच्या आधाराने. या सगळ्या विषयातला माझा सर्वांत आवडता निष्कर्ष हाच.

सीएसई-४ चुकून दुसरीकडे बसला तर? पीएसएच-१ नावाचं विकर अशा भटक्या सीएसई-४ ला युबिक्विटिनची खूण लावतं आणि पेशी त्याचा निकाल लावते.

डीएनए धरून झालं. पुढे सूक्ष्मनलिकेपर्यंत साखळी कशी जाते?

मिफ-२ हे प्रथिन न्यूक्लिओसोमही ओळखतं आणि ए-टीने भरलेला डीएनएही. एकटं असताना ते स्वतःलाच आवळून ठेवतं, म्हणजे भलत्या ठिकाणी कामाला लागत नाही. सीएसई-४ चा न्यूक्लिओसोम भेटला की मोकळं होतं. त्याच्या शेजारी कोमा हे चार प्रथिनांचं संकुल येतं. त्यातल्या ओकेपी-१ आणि एएमई-१ यांच्याशिवाय पेशी जगत नाही, आणि ओकेपी-१ सीएसई-४ ची बाहेर आलेली शेपटी धरतं.

मिफ-२ आणि कोमा हे दोघंही पुढच्या माइंड संकुलाला पकडतात. माइंडला जोडून एनडीसी-८० संकुल, सुमारे ५७ नॅनोमीटर लांब, सडपातळ, त्याचं दूरचं टोक थेट सूक्ष्मनलिकेवर. शेवटी डॅम-१ संकुल. दहा प्रथिनांचा एक घटक, आणि असे अनेक घटक एकत्र येऊन २५ नॅनोमीटर जाडीच्या सूक्ष्मनलिकेभोवती कडं तयार करतात. हातातली बांगडी जशी मनगटावर पुढे-मागे सरकते पण सुटत नाही, तसं हे कडं नलिकेवर राहतं. नलिकेचं टोक उलगडत मागे येतं तेव्हा कडंही मागे ढकललं जातं आणि गुणसूत्र त्याच्यामागे जातं. माणसात डॅम-१ नाही. तिथे ही कामगिरी एसकेए संकुलाकडे आहे.

एका कायनेटोकोरमध्ये प्रत्येक प्रथिनाच्या किती प्रती?

हे मोजण्याचा गाजलेला प्रयत्न अजित जोगळेकर यांनी केरी ब्लूम आणि टेड सॅमन यांच्यासोबत केला. तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रथिनांना चमकणारी शेपटी जोडायची आणि प्रकाशाची तीव्रता मोजायची. सीएसई-४ च्या दोन प्रती हे माप धरलं, तर एनडीसी-८० च्या सुमारे ८ आणि डॅम-१ च्या १६ ते २० निघतात. पुढे त्या ‘दोन’वरच वाद झाले, त्यामुळे हे आकडे परस्परांच्या प्रमाणात वाचावेत. आतून बाहेर जाताना प्रती वाढत जातात, हे चित्र मात्र टिकलं आहे.

एकदा बांधला की कायनेटोकोर कायम राहतो का?

नाही. डीएनएची प्रत बनवणारं यंत्र सेंट्रोमियरवरून जातं तेव्हा सगळं उतरवावं लागतं. यीस्टमध्ये सेंट्रोमियरची प्रत एस टप्प्याच्या, म्हणजे डीएनएची प्रत बनण्याच्या टप्प्याच्या, सुरुवातीलाच बनते. त्या वेळी गुणसूत्र मिनिट-दोन मिनिटं सूक्ष्मनलिकेपासून सुटतं, दोन्ही प्रतींवर कायनेटोकोर नव्याने उभे राहतात आणि नलिका पुन्हा पकडली जाते. जुना सीएसई-४ जाऊन नवा बसतो तोही याच टप्प्यात. एरवी यीस्टचं गुणसूत्र जवळजवळ सगळा काळ नलिकेला जोडलेलंच असतं.

दोन्ही प्रती एकाच ध्रुवाला जोडल्या गेल्या तर?

तेव्हा ताण नसतो, आणि पेशी ताणावरूनच बरोबर-चूक ओळखते. दोन प्रती दोन ध्रुवांकडे ओढल्या जात असतील तर मधे ताण येतो. नसेल तर आयपीएल-१ हे विकर, माणसातल्या ऑरोरा-बीचं भावंड, एनडीसी-८० आणि डॅम-१ यांना फॉस्फेट लावतं. पकड ढिली होते आणि पुन्हा प्रयत्न होतो. बिगिन्स-अ‍ॅस्बरी गटांनीच २०१० मध्ये दाखवलं की यीस्टमधून शुद्ध केलेले कायनेटोकोर नलिकेवर ठेवून हलकेच ओढले, तर पकड उलट जास्त वेळ टिकते. आपला अनुभव असा की ओढलं की सुटतं. इथे ओढलं की घट्ट होतं.

अजिबात न जोडलेला कायनेटोकोर वेगळाच इशारा देतो. एमपीएस-१, मॅड आणि बब या प्रथिनांमार्फत ‘थांबा’ असा निरोप जातो आणि विभाजन रोखलं जातं. मॅड आणि बब जनुकंही यीस्टमध्येच, १९९१ मध्ये सापडली.

साखर बदलून सेंट्रोमियर बंद करता येतो, हे खरं?

खरं. सेंट्रोमियरच्या शेजारी गॅल-१ जनुकाचा प्रवर्तक, म्हणजे ते जनुक चालू करणारा डीएनएचा भाग, बसवायचा. माध्यमात ग्लुकोज असेल तर तो शांत, सेंट्रोमियर चालू. गॅलॅक्टोज दिलं की आरएनए बनवणारं यंत्र सेंट्रोमियरवरून धावू लागतं, तिथली प्रथिनं विस्कटतात आणि सेंट्रोमियर बंद पडतो. हिल आणि ब्लूम यांनी १९८७ मध्ये हे दाखवलं. डीएनएचं एकही अक्षर न पुसता सेंट्रोमियर घालवता येतो आणि परतही आणता येतो.

सगळ्या यीस्टमध्ये असंच असतं का?

मुळीच नाही. शिझोसॅकॅरोमायसिस पोंबेमध्ये तीनच गुणसूत्रं, पण सेंट्रोमियर ३५ ते ११० हजार बेसजोड्यांचे, आणि एक कायनेटोकोर दोन ते चार नलिका धरतो. कॅन्डिडा अल्बिकन्सची आठ गुणसूत्रं, त्यांचे सेंट्रोमियर साधारण तीन ते पाच हजार बेसजोड्यांचे, आणि आठही ठिकाणी क्रम वेगळा. हे कौस्तुव सान्याल यांनी जॉन कार्बन यांच्या प्रयोगशाळेत उलगडलं; पुढे बेंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात त्यांनी याच विषयावर गट उभा केला. तिथे जागा अक्षरांवरून ठरत नाही. आधीच्या पिढीत सेन्प-ए कुठे होतं यावर बरंच अवलंबून असतं. माणसातही तसंच. अक्षरांवर चालणारा सव्वाशेचा सेंट्रोमियर हा सजीवसृष्टीतला अपवाद आहे, नियम नाही.

परीक्षेत काय विचारतात?

सीडीई-३ आवश्यक, सीबीएफ-३ त्यावर बसतं, सीएसई-४ म्हणजे सेन्प-ए, आणि सीईएन प्लाझ्मिडच्या एक-दोन प्रती. एवढं पक्कं असेल तर पुरे.

याचा कर्करोगाशी संबंध आहे का?

गुणसूत्रांची संख्या बिघडणं बहुतेक गाठींमध्ये दिसतं, म्हणून आहे. सदाफुलीतून मिळणारं विनक्रिस्टीन सूक्ष्मनलिकांवरच काम करतं: नलिका नीट बनत नाहीत, कायनेटोकोर रिकामे राहतात, ‘थांबा’चा निरोप जात राहतो आणि विभाजन अडतं.

पुण्यात हे स्वतः करून पाहता येईल का?

येईल, पण बेकरीतलं यीस्ट आणू नका. प्रजाती तीच, तरी त्यात गुणसूत्रांचे दोनाहून अधिक संच असू शकतात, त्यामुळे एखादं हरवलेलं कळतही नाही. पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत एनसीआयएम हा सूक्ष्मजीवांचा संग्रह आहे. महाविद्यालयाच्या पत्रावर तिथे यीस्टच्या वाणांची चौकशी करा. खास जनुकीय बदल केलेले वाण लागतील तर यीस्टवर काम करणाऱ्या एखाद्या प्रयोगशाळेला विचारा.

रंगांचा प्रयोग करा, असा माझा आग्रह आहे. एडीई-२ जनुक बिघडलेलं यीस्ट कमी अ‍ॅडेनीनवर लाल होतं. त्याला एक जादा छोटं गुणसूत्र द्यायचं, ज्यावर तो बिघाड झाकणारं एसयूपी-११ हे जनुक आहे. मग वसाहत, म्हणजे एका पेशीपासून प्लेटवर वाढलेला ठिपका, पांढरी दिसते. वाढताना एखाद्या पेशीने ते छोटं गुणसूत्र गमावलं की तिची सगळी संतती लाल, आणि पांढऱ्या वसाहतीत लाल पाचर दिसते. पहिल्याच विभाजनात हरवलं तर अर्धी वसाहत लाल. अर्ध्या लाल वसाहती मोजल्या की दर विभाजनाला किती चुका होतात ते मिळतं. प्लेट मोजण्याआधी एक-दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवा, लाल रंग गडद होतो. सीसीजी बिघडवलेला सेंट्रोमियर आणि चांगला सेंट्रोमियर शेजारी-शेजारी लावून पाहा.

दुसरा सोपा मार्ग बेनोमिलचा. हे बुरशीनाशक यीस्टच्या सूक्ष्मनलिका कमकुवत करतं, त्यामुळे कायनेटोकोर आधीच अधू असलेले वाण त्यावर वाढत नाहीत. पाण्यात त्याचं कार्बेन्डाझिम होतं, म्हणजे आपल्या द्राक्षबागायतदारांना ‘बाविस्टिन’ म्हणून माहीत असलेलं औषध. डीएमएसओ या द्रावकात विरघळवून ते गरम माध्यमात, ढवळत, थेंबाथेंबाने घाला. माध्यम निवलं असेल तर त्याचा साका बसतो आणि प्लेटच्या एका कोपऱ्यात जास्त, दुसऱ्यात कमी अशी गत होते. हातमोजे घाला, आणि उरलेल्या प्लेट सिंकमध्ये न टाकता रासायनिक कचऱ्याच्या डब्यात द्या.